पेलेल असं नाव

सुम्बेररेजो वसाहत, लाम्पुंग
१९ फेब्रुवारी १९८४

कांग दार्मोविजोयो यांना धाकट्या बहिणीचा, जुमिराचा, सलाम.

बातमी आधी सांगते, मग श्वास घेते. मला सातवा महिना लागलाय. लग्नानंतर नऊ वर्षांनी, कांग! याआधी कळवलं नाही, कारण मागे दोनदा घाईनं कळवलं आणि दोन्ही वेळा मागून दुसरं पत्र लिहावं लागलं. या वेळी ठरवलं होतं, सातव्या महिन्याचं स्नान होईपर्यंत तोंडाला कुलूप.

ते स्नान परवा झालं. दोन शहाळ्यांवर कामजय आणि रतीची चित्रं काढायची असतात ना, ती आमच्या यांनी, मास कार्सोनोंनीच काढली. त्यामुळे कामजय थोडा आमच्या बैलासारखा दिसत होता. मग यांनी डोळे मिटून एक शहाळं उचललं, तर नेमका तोच बैलतोंड्या हातात आला. बायका ओरडल्या, "मुलगा! मुलगा!" सुईण म्बाह सिनेम म्हणाली, "मुलगाच. फक्त चित्रापेक्षा देखणा निघू दे."

आता काम तुमचं. आईबाबा गेले, घरातले मोठे तुम्हीच, तेव्हा नाव तुम्ही द्यायचं. आमचे मोदिन पाक मुखसिन, इथल्या मशिदीत नमाज पढवतात ते, रोज एक अरबी नाव सुचवून जातात. शेजारीण तिच्या मुलखातली नावं सांगते. यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलंय, "नाव जावाहून येणार आहे. टपालानं."

पाचव्या दिवशी नाव पुकारायचं, म्हणजे तुमचं पत्र बाळाच्या आधी पोचायला हवं. आणि नुसतं नाव नको. ते कुठल्या भाषेतलं, कुठून आलं, अर्थ काय, सगळं लिहा. इथं चार मुलखांतली माणसं शेजारी राहतात आणि सगळ्यांना खोदून विचारायची सवय.

एक मनातलं सांगू? इथल्या बायकांना थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात. पार्तीची आई, वागिनोची आई. मला अजून "कार्सोनोची बायको" म्हणतात. तुम्ही जे नाव द्याल ते माझंही नाव होणार आहे, मरेपर्यंत. तेव्हा वहिनीला, यू सुरिपला, विचारून द्या. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

तुमची,
जुमिरा


गोंडांग, मेनोरेहचे डोंगर
११ मार्च १९८४

प्रिय जुम,

तुझं पत्र आलं तेव्हा मी माडावर होतो. सुरिपनं खालून पाकीट हलवलं आणि ओरडली, "जुमिराचं आहे! जाडजूड आहे! उतरा आधी!" मी नीरेची नळकांडी तशीच लटकत ठेवून उतरलो. वाचून झाल्यावर सुरिप चुलीकडे गेली आणि मी दोन रकात जादा नमाज पढलो. मागण्यासाठी नाही. मिळालेल्यासाठी.

तेव्हापासून नावाचाच विचार चालू आहे. विचाराला माडाचा शेंडा चांगला. खालचे आवाज वर येतात, पण खालची माणसं वर येत नाहीत.

पहिल्यांदा मनात आलं स्लामेत. शब्द आपलाच झालेला, अर्थ सुखरूप. पण ते नाव पुकारलं की आमच्या वस्तीत चौघं वळून बघतात आणि एक कुत्रं येतं. मग पाक मुखसिन सुचवतात तसं अब्दुल हादी. अरबी, म्हणजे वाट दाखवणाऱ्याचा दास. नाव फार मोलाचं आहे, त्यांना माझा सलाम सांग. पण असं नाव घेतलं की रोज त्याला जागावं लागतं, आणि मी रोज पाच वेळा जागायचा प्रयत्न करणारा माणूस आहे, म्हणून मला त्याचं भय वाटतं. मग तेगुह. जावाचा साधा शब्द, अर्थ घट्ट, न डगमगणारा. सुरिप म्हणाली, "बाळ आहे की विहिरीचा कठडा?"

शेवटी मी ठरवलं. सूर्यो विबोवो.

दोन्ही शब्द फार जुने. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्याही आधी गलबतांतून आले, राजांच्या गाण्यांत आणि बाहुल्यांच्या खेळांत राहिले, आणि आता ते आले होते हेही कुणाच्या लक्षात नाही. सूर्यो म्हणजे सूर्य. विबोवो म्हणजे ज्याच्या नुसत्या येण्यानं बसलेली माणसं नीट बसतात, असा दबदबा. माडावर चढणाऱ्यांच्या आपल्या घरात असं नाव आजवर कुणाला पडलं नव्हतं.

सुरिपला सांगितलं तर तिनं कढईतला झारा तसाच हातात धरला.
"नणंदेनं नाव मागितलंय, सूर्य नाही मागितला."
"अर्थ चांगला आहे."
"अर्थ चांगलाच आहे हो. पण त्याला दुपट्यात गुंडाळायचंय, सिंहासनावर नाही बसवायचं."

तिचं बोलणं मी बाजूला ठेवलं. जुम, अल्लानं आम्हाला मूल दिलं नाही, आणि मी त्याची तक्रार कधी केली नाही. पण मूल नसलेल्या माणसाला आयुष्यात कुणाचं नाव ठेवायची वेळच येत नाही, हे तुझं पत्र येईपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वासरांची ठेवली असतील तेवढीच. हे एकच नाव माझ्या हातून जगात जाणार आहे. म्हणून ते असं निवडलं.

तुझा कांग,
दार्मोविजोयो


सुम्बेररेजो
९ मे १९८४

कांग,

सूर्यो विबोवो आला! मंगळवारी, पाच बाजारवारांतल्या पोनच्या दिवशी, भर सकाळी. म्बाह सिनेम म्हणते असा ओरडणारा मुलगा तिच्या हातून बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. मास कार्सोनो बाहेर उभे होते. आवाज ऐकून ते इतके गडबडले की बाळाच्या कानात बांग द्यायची सोडून आधी माझ्याच कानाशी वाकले. म्हटलं, "अहो, मी आधीच मुसलमान आहे."

पाचव्या दिवशी सगळी वस्ती जेवायला आली. पाक मुखसिननी दुवा मागितली आणि मग यांनी तुमचं पत्र उघडून उभं राहून वाचलं, कुठला शब्द, कुठून आला, अर्थ काय. विबोवोचा अर्थ आला तेव्हा बसलेली माणसं खरंच जरा नीट बसली. पाक मुखसिन म्हणाले, "नाव मोठं आहे. वस्तीत असं एकही नाव नाही." म्बाह सिनेम मात्र बाळाकडे बघून नुसतं "हं" म्हणाली आणि परत भात वाढून मागितला.

आणि कांग, दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गेले तर मागून आवाज आला, "अगं ए, सूर्योची आई!" मी हंडा तिथंच ठेवला आणि रडले. बायका हसायला लागल्या. हसू देत.

तुमची,
सूर्योची आई


गोंडांग
२८ मे १९८४

प्रिय जुम, म्हणजे सूर्योची आई,

तुझं पत्र मी नमाजघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आता मला रस्त्यात कुणी दार्मो म्हणत नाही. "सूर्योचे पाकदे, आज नीरा किती?" "सूर्योचे पाकदे, जरा सरका." मोठा मामा होणं म्हणजे एवढं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी चिडल्याचं दाखवतो. सुरिप म्हणते, ते मला नीट जमत नाही.

गावातला सारिदी लाम्पुंगला परत निघालाय, त्याच्याबरोबर गुळाच्या करवंट्या पाठवतोय. हा गूळ सूर्योच्या नावानं कढवलाय. सुरिपनं त्यात एक थेंबही जळू दिला नाही.

आता सगळं लिही. नावानं हाक मारली की वळतो का? पूर्ण नावानं मारता की अर्ध्या? मी रोज शेवटच्या माडावर चढलो की तुमच्या दिशेला तोंड करून एकदा पूर्ण नाव म्हणतो. वर कुणी ऐकत नाही, म्हणून संकोच वाटत नाही.

तुझा कांग,
दार्मोविजोयो


सुम्बेररेजो
२२ जुलै १९८४

कांग आणि यू सुरिप यांना सलाम.

लेबारानची ईद होऊन गेली, पत्राला उशीर झाला. वर्षभरात माझ्या हातून, बोलण्यातून, मनातून काही चुकलं असेल तर माफ करा.

गूळ पोचला. फार गोड होता. इथं पाऊस ओसरलाय. मिरीच्या वेली बऱ्या आहेत. मागच्या आठवड्यात पलीकडच्या शेतात हत्ती शिरले होते, सगळे पुरुष डबे वाजवत धावले, मास कार्सोनोही धावले, आणि हत्ती नाही पण त्यांची एक चप्पल जंगलात गेली. बाळ बरं आहे. वाढतंय. दूध पितं, झोपतं, ओरडतं.

माझं खरंच काही चुकलं असेल, कांग, तर माफ करा. दोघंही तब्येतीला जपा. माफ करा.

तुमची,
जुमिरा


गोंडांग
१२ ऑगस्ट १९८४

प्रिय जुम,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग सुरिपनं वाचलं, मग आम्ही समोरासमोर बसून वाचलं.

लेबारानची माफी माणूस एकदा मागतो. तू तीनदा मागितलीस. हत्तींवर तू चार ओळी लिहिल्यास आणि बाळावर दीड. त्या दीड ओळीत त्याचं नाव नाही. सहीतही नाही. मागच्या पत्रात तू "सूर्योची आई" होतीस, या पत्रात नुसती जुमिरा.

मी सुरिपला म्हटलं, पाक मुखसिननी नाव बदलायला लावलं असेल. ती म्हणाली, "तेवढंच असू दे." तेव्हा मला कळलं ती कशाला भ्यायली आहे. मागे दोनदा तुझी दुसरी पत्रं आली होती, ती तिला आठवली होती.

जुम, मला फिरवून सांगू नकोस. बाळ आहे ना? पहिल्या ओळीत लिही, आहे किंवा नाही. बाकीचं नंतर. तोवर मी माडावर ते नाव म्हणत नाही. जीभ उचलत नाही.

तुझा कांग,
दार्मोविजोयो


सुम्बेररेजो
२ सप्टेंबर १९८४

बाळ आहे, कांग! आहे! गुबगुबीत आहे, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीय, आत्ता माझ्या मांडीवर बसून हाच कागद ओढतोय. खालचा डाग त्याच्या लाळेचा आहे, माझ्या डोळ्यांचा नाही. म्हणजे थोडा दोघांचाही आहे.

माझी अक्कल कुठं गेली होती की तुम्हाला असं वाटेल हे सुचलंच नाही! मी तुमचा राग चुकवत बसले आणि तुमचा जीव टांगणीला लावला. आता सगळं सांगते.

नाव पुकारल्यावर आठवड्याभरात ताप सुरू झाला. उतरायचा, परत यायचा. दूध घेईना. वजन जन्माच्या वेळचं होतं त्याहून उतरलं. दवाखान्यातून औषध आणलं, ते देत होते. म्बाह सिनेम एकदा आली, त्याला हातात तोललं आणि म्हणाली, "पोराच्या छातीवर सूर्य ठेवलात, आणि ताप का येतो म्हणून मला विचारता? नाव जड झालंय त्याला. उतरवा."

हे ऐकून मास कार्सोनो कधी नव्हे ते चिडले. "कांगनी विचार करून दिलेलं नाव आहे. उतरवायला ती काय टोपी आहे?" म्हणाले, "त्या माणसाला स्वतःचं मूल नाही. मी ते काढणार नाही." दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मधे बाळ, तेवढंच काय ते रडायचं.

शेवटी मी पाक मुखसिनकडे गेले. वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "नावानं ताप येत नाही आणि नावानं जात नाही, पोरी. पण आईचं मन हलकं होणार असेल तर नाव बदलायला धर्माची आडकाठी नाही. फक्त नाव बदलताना औषध बदलू नका."

पस्तिसाव्या दिवशी बाळाचे केस काढायचे होते. रोजे सुरू होते, म्हणून संध्याकाळी उपवास सोडायच्या वेळी सगळ्यांना बोलावलं. नाव बदलताना करतात तशी लाल आणि पांढरी खीर केली. म्बाह सिनेमनं बाळाला उचललं आणि म्हणाली, "हं, सांगा. हलकं नाव." आणि आम्ही दोघांनी नावाचा विचारच केला नव्हता! जुनं काढायचं की नाही यावरच एवढं भांडण झालं होतं. सगळे माझ्याकडे बघतायत, खीर निवतेय, लोक उपाशी. मी तोंड उघडलं आणि आपल्या आईचा आवाज बाहेर पडला.

"पोनिजान."

तुमचं नाव, कांग. लहानपणीचं. आई चुलीजवळून माडाच्या शेंड्याकडे बघून ओरडायची ते. पोनच्या बाजारादिवशी जन्मला तो पोनिजान, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं लग्न झालं, सासऱ्यांनी दार्मोविजोयो हे मोठेपणीचं नाव दिलं, आणि ते जुनं नाव तिथंच गळून पडलं. आमचाही पोनचाच. म्बाह सिनेमनं परत तोललं आणि म्हणाली, "हे पेलेल."

ताप गेला, कांग. औषधानं गेला की नावानं, अल्लाला ठाऊक. महिन्याभरात बाळानं बाळसं धरलं. पण नाव बदलल्यावर आठवडाभरानं तुमचं पत्र आलं, नमाजघरात वाचलेलं, माडावर रोज म्हणायचं, आणि गूळ. मी काय लिहिणार होते? की तुमच्या आयुष्यातलं एकच नाव मी पस्तीस दिवसांत उतरवलं? आणि वर तुमचंच दुसरं, न विचारता, घरातल्या थोरल्याचं, जिवंत असताना उचललं?

आणि अजून एक. मी जन्मात कधी तुम्हाला नावानं हाक मारलेली नाही. आता दिवसातून वीस वेळा ओरडते. "पोनिजान, परत ओलं केलंस?" "पोनिजान, गप बस, नाहीतर हत्तीला देईन!" दर वेळी ओरडून झालं की मनातल्या मनात तुमची माफी मागते. माफी मागून मागून लेबारान कधी संपली तेच कळलं नाही.

रागवा, पण लिहा.

जुमिरा

कांग, मी कार्सोनो. खाली थोडी जागा उरली म्हणून. मी शेवटपर्यंत विरोध केला हे खरं आहे. पण पोरगं आता माझ्या अंगावर हातपाय झाडतं तेव्हा मला वाटतं, बायकोचंच बरोबर होतं. हे तिला सांगू नका. ती हे पत्र बंद करायच्या आधी वाचणार आहे, तरी सांगू नका.


गोंडांग
२३ सप्टेंबर १९८४

प्रिय जुम,

आहे. तुझ्या पहिल्या ओळीतला तो एक शब्द वाचला आणि मी पुढचं वाचायचं सोडून जमिनीवर डोकं टेकलं. सुरिपला वाटलं मला भोवळ आली. तिनं पाणी आणलं आणि माझ्या मानेवर ओतलं. मग मी तिला ती ओळ दाखवली, आणि ती रिकामा तांब्या घेऊन तशीच शेजारी बसली.

वाईट वाटलं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात विचारलं असशील. वाटलं. एक संध्याकाळभर. निवडलेलं नाव परत आलं की हात रिकामे झाल्यासारखे वाटतात. पण ते नाव निवडताना मी बाळाचा विचार केला होता की आमच्या घराण्याचा, हे मला माडावर बसून नीट कळलं. सुरिपला ते झारा हातात असतानाच कळलं होतं. तिनं मला याची आठवण करून दिलेली नाही. चार दिवस झाले, अजून नाही. फार कष्टानं गप्प बसली आहे.

सूर्यो विबोवो मी परत घेतो. तुमचं काही देणं राहिलं नाही. मला दार्मोविजोयो मिळालं तेव्हा मी लग्नाचा झालो होतो, खांदे भरलेले, तरी पहिलं वर्षभर कुणी त्या नावानं बोलावलं की मी मागं बघायचो, हे कुणाला म्हणतायत म्हणून. तुझ्या मुलाची नवरी ठरली की त्याला विचारू, हे पेलतंय का. नको म्हणाला तर नको. शब्द जुने आहेत, त्यांना थांबायची सवय आहे.

आणि पोनिजान चांगलं नाव आहे, हे मी वापरून बघून सांगतो. त्या नावानं मी माडावरून दोनदा पडलो आणि एकदाही हाड मोडलं नाही. त्या नावावर कधी कुणी रुसलं नाही, कुणाचं ते लिहिताना चुकलं नाही. तू माफी मागायचं आता बंद कर. त्याला हवं तेवढं ओरड. फक्त चापट मारू नकोस. आईनं मलाही कधी मारली नव्हती.

आता काल काय झालं ते ऐक. दुपारच्या नीरेसाठी मी वर होतो. खाली सुरिप आली. सव्वीस वर्षं ती मला "अहो" म्हणते. लग्न झालं तेव्हा माझं जुनं नाव संपलेलं होतं, ते तिच्या तोंडी कधी आलंच नव्हतं. तिनं वर बघितलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"पोनिजान! भात निवतोय! उतर आधी!"

आणि जुम, मी विचार करायच्या आत, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, वरून ओरडलो, "आलो, आई!"

सुरिप खाली बसली. हसता हसता तिला उठता येईना. शेजारची माणसं धावत आली, त्यांना वाटलं मी पडलो. मी वरच होतो, मिठी मारून माडाला. मलाही उतरता येत नव्हतं. या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि तिकडे समुद्रापलीकडे तू ते दिवसातून वीस वेळा ओरडतेस, आणि कुणीतरी वळून बघतं.

सुरिपचं बोचकं बांधून तयार आहे. रोपं लावून झाली की आम्ही दोघं येतोय. दारात उभी राहून एकदा हाक मार. बघू, कोण आधी येतं.

तुझा,
मोठा पोनिजान